जागा कुणाची?

२०२२ च्या मार्चअखेरीस एका संध्याकाळी अमेरिकेतल्या आमच्या घरी शेजारीण दारात उभी राहिली. कुटुंब मूळचं ग्वाटेमालाचं. बाई रात्रपाळीत ऑफिसांची साफसफाई करतात. हातातल्या डिशमध्ये केळीच्या पानात बांधलेले गरम तामाले. कोकणातल्या पानग्यांची आठवण यावी असा वास. शंभरातल्या पाच-सहा जणांनाच घेणाऱ्या एका कॉलेजात त्यांच्या मुलीला प्रवेश मिळाला होता. त्याच कॉलेजाने माझ्या मुलीला नाकारलं होतं. मी डिश घेतली, अभिनंदन केलं, दार लावलं आणि बायकोला म्हणालो, "हिस्पॅनिक ना ती! आपल्या पोरीची जागा गेली."

जिन्यात मुलगी उभी होती. ती काही बोलली नाही, वर निघून गेली.

ते वाक्य मी किती सहज बोललो! अर्जात 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का?' हा प्रश्न होता आणि प्रवेश देताना तेव्हा वंशाचाही विचार होई, हे मला ठाऊक होतं. एवढं ठाऊक असणं मला पुरेसं वाटलं. ती मुलगी दहाव्या वर्षापासून आईबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जायची, घरी येणारी सरकारी पत्रं तीच वाचून दाखवायची, हेही मला ठाऊक होतं. ते मी हिशेबात धरलं नाही. आमच्या मुलीची एसएटीची शिकवणी, निबंध तपासायला नेमलेला सल्लागार, चांगल्या शाळेसाठी मुद्दाम याच भागात घेतलेलं घर, यातलंही काही धरलं नाही. त्याला मी 'मेहनत' म्हणत होतो.

त्या रकान्यात खोट होतीच. ग्वाटेमालाच्या मजुराची मुलगी आणि ब्वेनोस आयरेसच्या बँकरचा मुलगा एकाच उत्तराखाली येत. आमच्या 'एशियन' रकान्याचीही तीच गत. डॉक्टरांची मुलं आणि लाओसहून आलेल्या निर्वासितांची मुलं त्यात एकत्र. पण माझा आक्षेप हा नव्हता. हा मुद्दा मला नंतर सुचला, स्वतःच्या समर्थनासाठी.

२९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत वंशाधारित प्रवेशाला मनाई केली. वंशामुळे आयुष्य कसं घडलं हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, तर त्याचा विचार करता येईल, असंही निकालात होतं. मला आनंद झाला. माझ्या धाकट्या मुलाचे अर्ज पुढच्याच हंगामात जाणार होते.

२०२४ मध्ये एमआयटीच्या पहिल्या वर्षात हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ११ वर आलं, आशियाई वंशाच्यांचं ४० वरून ४७ वर गेलं. सगळीकडे असं झालं नाही. हार्वर्डमध्ये हिस्पॅनिकांचा वाटा उलट थोडा वाढला. पण मी वाचले ते एमआयटीचे आकडे, आणि वाचून मला बरं वाटलं. मुलाला त्या वर्षी दुसऱ्या एका नामांकित कॉलेजात जागा मिळाली. आम्ही पेढे वाटले.

ही जागा कुणाची, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. शेजारच्या मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा मी ज्या त्वरेने हिशेब मांडला, तो माझ्या मुलाच्या वेळी मांडायचं मनातसुद्धा आलं नाही. न्याय हवा, असं मी म्हणत होतो. हवी होती जागा. कायदा कसा असावा यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझं मत मात्र कायद्याबद्दल कधी नव्हतंच, ते माझ्या मुलांबद्दल होतं. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

मुलीशी बोललो. जिन्यात ऐकलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ती म्हणाली, "बाबा, कॅल्क्युलस मला तिनेच शिकवलं होतं."

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून तेव्हा त्या डिशमध्ये आम्ही बेसनाचे लाडू घालून दिले होते. रीत पाळली. पण त्या बाईंच्या आनंदात तेव्हा मी मनाने सामील नव्हतो, ते खरं अभिनंदन अजून करायचं राहिलं आहे.