खाड्याचा हिशेब

ज्याच्या हाताखालीं माणसें राबतात त्यानें दयाळू असावें कीं नसावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा दिसतो. दया असावी, असें सर्वच म्हणतात. परंतु तेच लोक लागलीच असेंही म्हणतात कीं, धनी नरम पडला म्हणजे मजूर डोक्यावर बसतात व काम बुडतें. ह्या बोलण्यांत तथ्य किती, हें आम्हांस एकाच गोष्टीवरून तपासावयाचें आहे. ती गोष्ट म्हणजे गैरहजर मजूर.

जमशेटजी टाटा यांनीं सन १८७७ त नागपुरास एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू केली. तेथें रोज पांचांतला सुमारें एक मजूर कामावर येत नसे. दंड करावा, मजुरी कापावी, नांव काढून टाकावें, हे उपाय त्या काळच्या गिरणीवाल्यांस ठाऊक होतेच. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनीं निराळा विचार केला. मनुष्य येत नाहीं, तो कां येत नाहीं? त्यांनीं गिरणींत हवेचा ओलावा राखणारीं व आग विझविणारीं यंत्रें बसविलीं, १८८६ त निवृत्तिवेतनाचा निधि काढिला, आणि १८९५ त अपघातांत जायबंदी झालेल्यांस भरपाई देण्याची सोय केली. सरकारी कायद्यानें अशी भरपाई ठरविली ती १९२३ सालीं, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनीं. गिरणी बुडाली नाहीं. ती भरभराटीस आली.

कोणी म्हणेल, मग ही दया कसली, हा तर धंद्याचा हिशेब! शंका रास्त आहे, परंतु तीपायीं आम्ही अडून राहत नाहीं. ज्याचा हात यंत्रांत सांपडला तो धन्याचें अंतःकरण कितपत शुद्ध आहे हें विचारीत बसत नाहीं. घरीं चूल पेटेल कीं नाहीं, हें विचारतो. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, येथें दया नियमांत घातली गेली. लहरीवर राहिलेली दया आज मिळते, उद्यां मिळत नाहीं, आणि बहुधा पुढें पुढें करणाऱ्यालाच मिळते.

आतां आपल्याकडील ऊसतोड पाहा. दरवर्षीं हंगामाच्या तोंडाशीं बीड जिल्ह्यांतून नवराबायकोचे कोयते उचल घेऊन साखर कारखान्यांकडे जातात. एक दिवस काम चुकलें कीं मुकादम खाडा मांडतो. बाई तापानें फणफणलेली असो कीं मासिक पाळीच्या वेदनांनीं वांकलेली असो, वहींत खाडा तो खाडाच. २०१९ त शासनानें नेमलेल्या समितीपुढें बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. ह्याला कांहीं डॉक्टरांची घाईही कारण आहे. परंतु दुखणें म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कर्ज, ही भीति पुष्कळ जणींनीं बोलून दाखविली. नागपुरास जो प्रश्न विचारला गेला, तो फडांत कोणी विचारिला नव्हता.

मुकादमास निर्दय म्हणून मोकळें होणें सोपें आहे. तोही कारखान्याकडून पैसे उचलून आणतो, आणि एक कोयता पळून गेला तर ती रक्कम त्याच्याच अंगावर बसते. भ्यालेल्या माणसाकडून दयेची अपेक्षा किती करावी? आमच्या वाचकांत मुकादमकी करणारे बंधु असतील. त्यांची अडचण आम्ही जाणतों. उचलीचा आंकडा त्यांच्या हातीं नाहीं. खाड्याची वही मात्र त्यांच्याच बगलेंत असते, आणि बाळंतिणीच्या नांवापुढें काय मांडावें हें लिहितांना त्यांचा हात सहसा कोणी धरीत नाहीं. कारखान्याच्या संचालकांस ही अडचणीची सबबही सांगतां येणार नाहीं. दुखण्याच्या दिवसांचा निधि काढावयाचा झाला तर तो त्यांनींच काढावयाचा आहे, आणि एका हंगामांत तो किती लागेल ह्याचा हिशेब त्यांच्या चिटणिसास एका सकाळींत करितां येईल.