तराजू कोणाच्या हातीं ?

वडीगोद्रीसारख्या गांवीं वीज रात्रीची मिळते म्हणून रात्रींच उंसाला पाणी देणारा एखादा शेतकरी घ्या. त्याचें मन महिनोन्महिने काळवंडलें आहे. डॉक्टरांनीं उदासीनतेवर औषध घेण्यास प्रथमच सुचविलें. अमिट्रिप्टिलिन घेतलें तर तोंड कोरडें पडतें, पेंग येते. आणि अंधारांत मोटारीपाशीं पेंगणें जिवावरचें. सर्ट्रालिन घेतलें तर आरंभीं मळमळतें, पुढें दांपत्यसुखांत उणेपणा येण्याचा संभव. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे वैद्य सहसा बोलत नाहींत व रोगी विचारीत नाहीं ! शिवाय गुण यावयास कांहीं आठवडे लागतात. उपद्रव मात्र पहिल्या आठवड्यांतच.

ही तुलना करावयाची कोणीं ? ज्याला उद्यांचें सुख खरेंच वाटत नाहीं, त्याच्या तराजूंत गुणाचें पारडें रिकामें राहणार. तेव्हां घरच्यांनींच ठरवावें, असा युक्तिवाद निघतो. तो आम्हांस मान्य नाहीं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही, माहिती समजून परिणाम जाणणाऱ्या रुग्णाचाच निर्णय ग्राह्य धरतो. गुणाचें वजन वैद्याच्या शब्दावर घेतां येईल. उपद्रवाचें नाहीं, कारण मळमळ त्याच्या पोटांत, पेंग त्याच्या डोळ्यांवर. भिऊन औषध टाकील म्हणून उपद्रव झांकून ठेवले, तर दहाव्या दिवशीं तो गोळ्या टाकतोच, आणि डॉक्टरांवरचा विश्वासही. घरच्यांना करण्यासारखें निराळेंच आहे : एखाद्या भावानें महिनाभर रात्रीचें दारें धरावें, म्हणजे पेंग आणणारें औषधही त्याला निवडतां येईल.