जनीच्या सुळापुढची गर्दी



जनाबाईंच्या चरित्रातला सुळाचा प्रसंग मी कीर्तनात किती वेळा सांगितला, त्याची गणती नाही. देव जनीबरोबर दळायला बसले, निघताना घाईत गळ्यातले पदक तिथेच राहिले आणि अंगावर तिची वाकळ गेली. पदक जनीकडे सापडले. चोरी ठरली, सूळ रोवला आणि सुळाचे पाणी झाले. श्रोते त्या पाण्यापाशी टाळी वाजवतात, मीही तिथेच सूर चढवत असे. सुळाभोवती जमलेल्या माणसांविषयी मात्र मी कधी बोललो नाही. तिला रोज शेणी वेचताना पाहणारीच ती माणसे. पदक सापडले होते आणि जिच्याकडे सापडले ती दासी होती, एवढे त्यांना पुरले.

हे या वयात मनात यायला कारण झाला माझा नातू. तो अमेरिकेत शिकतो. तिथल्या विद्यापीठांत खेळाडूला आपल्याकडच्या गदा जिंकलेल्या पैलवानासारखा मान. अशा खेळाडूवर एखाद्या मुलीने अत्याचाराचा आरोप केला की गावात दोन तट पडावेत तसे होते. त्याने फोनवर दोन जुन्या हकिगती सांगितल्या आणि विचारले, “आजोबा, तुम्ही म्हणता परनिंदा करू नये. मग अशा वेळी गप्प बसायचे का?”

पहिली हकिगत 2006 सालची. ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातल्या मुलांनी एका घरी मेजवानी केली आणि नाचायला बायका बोलावल्या. त्यांतल्या एकीने आरोप केला. मुले श्रीमंताघरची, गोरी. ती गरीब, कृष्णवर्णीय. तपास पुरा होण्याआधीच निकाल लागला. संघाचा हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला जावे लागले, तिघांवर खटला भरला गेला. सरकारी वकील माइक निफाँग यांची तेव्हा निवडणूक होती. पुढे 2007 च्या एप्रिलमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी तिघेही निर्दोष असल्याचे जाहीर केले आणि निफाँग यांची वकिलीची सनद गेली. त्या बाईने आपण खोटे बोललो हे 2024 साली कबूल केले.

दुसरी 2015 ची, स्टॅनफर्ड विद्यापीठातली. बेशुद्ध पडलेल्या एका तरुणीवर तिथल्या जलतरणपटूने अत्याचार केला. इथे संशयाला जागाच नव्हती. 2016 साली ज्युरीने तीन गुन्हे सिद्ध धरले. तरी लोकांचा कळवळा कुणाकडे गेला? बातम्यांत त्याचे पोहण्याचे कौशल्य आले. वडिलांनी न्यायाधीशांना लिहिले की वीसेक मिनिटांच्या कृत्यासाठी मुलाने फार मोठी किंमत मोजली आहे, त्याची अन्नावरची वासनासुद्धा उडाली आहे. सरकारी पक्षाने सहा वर्षे मागितली होती; शिक्षा झाली सहा महिन्यांची आणि तीन महिन्यांत तो सुटला. मग लोक खवळले आणि 2018 मध्ये मतदान करून त्यांनी त्या न्यायाधीशाला पदावरून काढले.

पहिली गोष्ट ऐकून माणूस म्हणतो, बायका खोटे बोलतात. दुसरी ऐकून म्हणतो, खेळाडू माजलेले असतात. मला दोन्हींत जनीच्या सुळापुढची तीच गर्दी दिसली. काय घडले हे तिने पाहिलेच नाही. तिने पाहिले आपले कोण आणि परके कोण. ड्यूकच्या वेळी काही जण उलट बाजूनेही बोलले, की नाचायला येणाऱ्या बाईचे काय ऐकायचे? ती बाई खोटी निघाली, म्हणून हे बोलणे खरे ठरत नाही. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची लेक कान्होपात्रा. बिदरच्या बादशहाचे बोलावणे तिने नाकारले आणि विठ्ठलाच्या पायी देह ठेवला. गणिकेच्या लेकीला कसला नकार, असे आपल्या संतांनी म्हटले नाही. तिला संतांच्या मांदियाळीत बसवले.

आता नातवाचा प्रश्न. निंदा नको म्हणून गप्प बसावे, हे वरवर सात्त्विक दिसते. पण गप्प बसणे दोन्ही पारड्यांत सारखे पडत नाही. ज्याच्यामागे तालीम आहे, पुढारी आहेत, त्याला आपल्या मौनाने काही तोटा होत नाही. जिच्यामागे कोणी नाही, तिच्या अंगणात ते मौन बहिष्कारासारखे उतरते.

स्टॅनफर्डच्या हकिगतीत मला सर्वांत जवळची वाटली ती सायकलवरून जाणारी दोन स्वीडिश मुले. बाई हलत नाही हे पाहून ती थांबली. तो पळाला तेव्हा त्याला धरून ठेवले, पोलीस आल्यावर पाहिले तेवढे सांगितले आणि पुढे न्यायालयात साक्ष दिली. सांगताना त्यांतल्या एकाला रडू आवरत नव्हते. त्या मुलीचे नाव तोवर कोणाला ठाऊक नव्हते. पुढे 2019 साली शनेल मिलर हे आपले नाव तिने स्वतःच जगाला सांगितले.

पण ज्याने काही पाहिलेच नाही त्याने काय करावे? मी नातवाला म्हटले, वारीत बाई चालता चालता पडली तर आपण आधी पाणी देतो, ती कोणत्या दिंडीची हे मागून विचारतो. तक्रार करणारीबरोबर पोलीस चौकीपर्यंत जाता येते, तिचे नाव चारचौघांत न घेता राहता येते. सोबत करायला निवाडा करावा लागत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घराकडे बोट दाखवावे लागत नाही. निवाडा साक्षीपुराव्याने होऊ द्यावा, आणि तो झाल्यावर मात्र पोरगा चांगला खेळतो म्हणून तो पातळ करू नये.

हे मी आज लिहितो. चाळीस वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. त्या गावचा कॉलेजात शिकणारा पैलवान तालुक्यात नावाजलेला. त्याच्यावर वर्गातल्या मुलीने आरोप केला होता. आदल्या रात्री मंडळींनी मला सांगितले, महाराज, दोन शब्द बोला, गावाचे नाव खराब होते आहे. मी कोणाचे नाव घेतले नाही. मुलींच्या मर्यादेवर बोललो, चांगले अर्धा तास. बायकांच्या बाजूच्या माना एकाच दिशेला वळल्या, तेव्हा कळले की ती मुलगी तिथे बसली आहे. खरे काय होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. काला वाटायच्या आधीच ती आईचा हात धरून उठली. पुढे सात वर्षे त्या गावी माझे कीर्तन होत राहिले. बिदागीही वाढत गेली. बायकांच्या बाजूला ती आणि तिची आई मला पुन्हा दिसल्या नाहीत.