मुलाच्या नावावरचे पैसे

इंग्लंडमध्ये ज्या मुलांच्या संगोपनाची जबाबदारी न्यायालयाच्या आदेशाने किंवा आईवडिलांच्या संमतीने कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, गेलेली असते, त्यांच्यापैकी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे केंद्र सरकार दरवर्षी एक ठरावीक रक्कम देते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ही रक्कम २,६३० पौंड होती आणि तिला ‘प्यूपिल प्रीमियम प्लस’ असे नाव आहे. हे अनुदान मुलाच्या नावे येत असले तरी ते मुलाच्या हातात पडत नाही, त्याला सांभाळणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही, आणि शाळेलाही ते हक्काने मागता येत नाही; मग ते नेमके कोणाचे, या प्रश्नातच त्याच्या विनियोगाचे बरेचसे यशापयश दडलेले आहे.

‘संगोपनातील मूल’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बालगृहाची इमारत आणि ओळीने मांडलेल्या खाटा येतात. इंग्लंडमध्ये मात्र संगोपनातील सुमारे ८३,६०० मुले ३१ मार्च २०२४ रोजी होती, आणि त्यांतली दोनतृतीयांशांहून अधिक मुले प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे शासनाने निवडलेल्या आणि खर्चासाठी भत्ता दिलेल्या घरांत राहत होती. ‘कॉर्पोरेट पॅरेंट’ ही तिथली संकल्पना असे सांगते की या मुलांचे पालकत्व संपूर्ण कौन्सिलकडे असते; ज्या यंत्रणेकडे वाचनालये आणि रस्त्यांची डागडुजी असते, तिनेच मुलाच्या प्रगतिपुस्तकाचीही काळजी वाहावी, अशी ही अपेक्षा आहे. ती थोडी विचित्र वाटली तरी तिच्यामागे कायदा उभा आहे, कारण २००४ च्या ‘चिल्ड्रन ॲक्ट’ने या मुलांची शैक्षणिक प्रगती साधणे हे कौन्सिलचे कर्तव्य ठरवले.

कर्तव्य ठरले तरी स्वतंत्र पैसा मात्र २०११ मध्ये आला, तोही गरीब घरांतल्या मुलांसाठी सुरू झालेल्या ‘प्यूपिल प्रीमियम’चाच भाग म्हणून, ४८८ पौंडांच्या दराने आणि मूल सहा महिन्यांहून अधिक काळ संगोपनात असले पाहिजे या अटीवर. ही अट उफराटी होती, कारण घर सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सर्वांत कठीण असतात. २०१४ मध्ये ती गेली, पहिल्या दिवसापासून रक्कम लागू झाली आणि दर १,९०० पौंडांवर गेला. गरिबी आणि आधार तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारने जणू अर्थसंकल्पाच्या भाषेत मान्य केले.

त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलला एक अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. या अधिकाऱ्याला ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ म्हणतात. नावावरून ऑनलाइन वर्गांचा भास होत असला तरी त्याची शाळा म्हणजे केवळ एक पट असतो, ज्यावरची मुले शंभर वेगवेगळ्या शाळांत शिकत असतात. लंडनमधल्या एखाद्या कौन्सिलने केंट परगण्यातल्या कुटुंबात ठेवलेले मूल केंटच्या शाळेत बसते, पण पट लंडनचा असतो आणि पैसेही लंडनमार्गेच येतात. मूल संगोपनात आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याचे काम सुरू व्हावे लागते आणि प्रत्येक सत्रात त्याचा आढावा घ्यावा लागतो. अनुदान कशासाठी हवे आणि मागच्या रकमेतून काय साधले, हे शाळेला त्या आराखड्यात लिहावे लागते. या अनुदानाचे खरे बळ पौंडांपेक्षा या सक्तीत आहे, असे म्हणायला जागा आहे, कारण तिच्यामुळे वर्षातून तीनदा चारपाच मोठी माणसे एका मुलाविषयी बोलायला एका टेबलाशी बसतात. अर्थात गणिताचा तास चालू असताना दारात कुणी तरी येऊन मुलाला बैठकीसाठी हाक मारते, आणि परतल्यावर शेजारच्या बाकावरून “कुठे गेला होतास?” असा प्रश्न येतो, तेव्हा त्या काळजीची किंमतही मूलच मोजते.

रकमेचा हिशेब केला तर ती फार मोठी नाही: शाळेच्या १९० दिवसांत वाटल्यास दिवसाला चौदा पौंडही पडत नाहीत. एकेका मुलाचे पैसे सुटे ठेवले की त्यातून टॅब्लेट किंवा काही आठवड्यांची शिकवणी निघते, म्हणजे पावती जोडता येईल असे काही तरी. तेच पैसे एकत्र केले, आणि व्हर्च्युअल स्कूल हेडला तशी मुभा आहे, तर एखादा शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ नेमता येतो किंवा बाक आपटून बाहेर जाणारे मूल उद्धट नसून घाबरलेले असू शकते, हे शिक्षकांना शिकवता येते. असा खर्च कोणत्याही एका मुलाच्या खात्यावर दाखवता येत नाही, आणि तरीही तोच अधिक शहाणपणाचा वाटतो. कारण या मुलांना वस्तूंपेक्षा टिकून राहणाऱ्या, न चिडणाऱ्या एका प्रौढ माणसाचा वेळ कमी पडलेला असतो. पण अशा माणसाला पगार दरवर्षी लागतो, आणि अनुदान तर ३१ मार्चला संपते. न खर्चलेली रक्कम सरकारला परत करावी लागत असल्याने तिथेही मार्चअखेरची ती सुपरिचित घाई उद्भवू शकते, आणि तीही शालेय वर्ष सप्टेंबर ते जुलै असताना.

संगोपनातून दत्तक गेलेल्या मुलांबाबत कोडे आणखी गुंतते. त्यांची रक्कम थेट शाळेकडे जाते, त्यासाठी पालकांना ऑक्टोबरच्या शालेय गणनेपूर्वी मुलाचा पूर्वेतिहास शाळेला कळवावा लागतो, आणि ती रक्कम त्याच मुलावर खर्च करण्याचे बंधन शाळेवर नसते. गुपित सांगायचे कुटुंबाने आणि पैसे कुठे लावायचे हे ठरवायचे शाळेने, अशी ही वाटणी आहे.

ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये संगोपनाच्या आणि परीक्षांच्या नोंदी जोडून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की दीर्घकाळ संगोपनात राहिलेली मुले, समाजसेवकांच्या देखरेखीखाली पण स्वतःच्याच घरी वाढणाऱ्या मुलांपेक्षा शालान्त परीक्षेत सरस ठरतात. मात्र शेवटच्या दोन वर्षांत शाळा बदललेली संगोपनातील मुले न बदललेल्यांपेक्षा एकूण पाचांहून अधिक श्रेणींनी मागे पडलेली दिसतात. या संबंधाला सरळ कारण म्हणता येणार नाही, कारण अडचणीतल्या मुलांच्याच शाळा अधिक बदलतात. तरीही त्यातून एक विसंगती उघडी पडते. शाळा बदलण्याचे मूळ बहुतेकदा घर बदलण्यात असते, आणि घर बदलण्याचा निर्णय त्याच कौन्सिलचा दुसरा विभाग, कुठे जागा रिकामी आहे ते पाहून, घेत असतो. व्हर्च्युअल स्कूल हेड त्याला हरकत घेऊ शकतो, पण प्रतिपालकांची कमतरता त्याच्या अनुदानातून भरून निघत नाही. अशा वेळी मूल गणवेश बदलून नव्या शाळेत जाते, जुन्या शाळेत त्याच्यासाठी नेमलेला मदतनीस मागेच राहतो, आणि नव्या शाळेतली पहिली बैठक पुन्हा मुलाला काय आवडते या रकान्यापासून सुरू होते.