सात ‘टाळावे’

उरणच्या द्रोणागिरी डोंगराची एक गोष्ट सांगतात. लक्ष्मणासाठी मारुती संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेकडे उडाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. मारुतीच्या हातून पडलाच कसा, हे विचारायचं नसतं.

त्या डोंगराजवळच्या एका गावात एक मुलगी राहायची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय लहानपणापासून ताठर. चालायची कुबड्यांवर, जरा तिरकी, पण झपझप. बारावीला तिला रसायनशास्त्राची गोडी लागली. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत आली, द्रोणागिरीला स्टेशन झालं आणि नेरुळकडचं कॉलेज आवाक्यात आलं. कॉलेजने डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं.

डॉक्टर तिला तान्ही असल्यापासून ओळखत. त्यांनी लिहून दिलं: लोकल टाळावी. जिने टाळावेत. प्रयोगशाळा टाळावी. सहली टाळाव्यात. फार वेळ उभं राहणं टाळावं. ओली फरशी टाळावी. आणि सातवं, अतिश्रम टाळावेत. अतिश्रम म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

डॉक्टर मायाळूच होते. पण मायेच्या पोटात हिशोबही असतो. पोरगी पडली तर लोक विचारणार, सही कुणाची? ‘टाळावे’ लिहिणाऱ्याला सहसा कुणी जाब विचारत नाही. सहसा म्हणायचं, कारण वाचेच्या ४४-४५ टक्के अपंगत्वामुळे एमबीबीएसला अपात्र ठरलेला महाराष्ट्रातला एक विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ ऑक्टोबर २०२४च्या निकालात न्यायालयाने बजावलं, की नुसता टक्का बघून दार लावू नका. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकेल का ते तपासा, आणि नाही म्हणायचं तर कारण लिहा.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला कोर्टकचेरी ठाऊक नव्हती. तिला आजी होती.

आजी ओट्यावर बोंबील साफ करत होती. मुलीने कागद वाचून दाखवला. आजीने विळीवरून मान वर केली.

“मारुतीनं पुरा डोंगर का उचलला, ठावं हाय?”

“ताकद होती म्हणून.”

“नाय गो बाय. त्याला पाला वलखता नाय आला, म्हनून. वलखला असता तं मूठभर घेऊन आला असता.” आजीने बोंबलाचं डोकं उडवलं. “पन त्यानं डोंगर सोताच्या हातावर घेतला. तुजा डाक्तर तुज्या पाठीवर ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यात गेली. आधी बोलायचं धाडस होईना. कागद नुसताच टेबलावर सरकवला.

“काका, यातल्या कशाने मला खरंच अपाय होईल?”

“सगळ्यानेच होऊ शकतो.”

“होऊ तर काहीही शकतं. तुम्ही आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पाहिलीय?”

डॉक्टर चिडले. बाहेर पेशंट खोळंबलेत म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. प्रयोगशाळा त्यांनी पाहिली नव्हती. तिला लोकलमध्ये चढताना पाहिलं नव्हतं. खरं तर गेल्या चार वर्षांत तिला दहा पावलांपेक्षा जास्त चालताना पाहिलं नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत, बस.

“चालून दाखव,” ते म्हणाले.

ती दवाखान्याचा जिना उतरली, कठड्याला धरून, एक कुबडी काखेत. पुन्हा चढून आली. कंपाउंडर आपलं काम सोडून बघत राहिला. डॉक्टरांनी तिचे गुडघे, घोटे तपासले, पाठ तपासली, कुठे दुखतं ते विचारलं. असं त्यांनी कितीतरी दिवसांत विचारलं नव्हतं.

नव्या कागदावर दोनच गोष्टी आल्या. प्रयोगशाळेत बसून काम करण्यासाठी हिला उंच स्टूल द्यावं. आणि रोज सकाळी वीस मिनिटं पायांना ताण देण्याचा व्यायाम. तो चुकला तर स्नायू आखडतील, मग लोकलही नाही आणि कॉलेजही नाही. ही ओळ त्यांनी अधोरेखित केली.

“ओली फरशी?” मुलीने आपणहून विचारलं.

“तिथे तुझी अक्कल वापर.”

कॉलेज सुरू झालं. तिसऱ्याच आठवड्यात एका सकाळी तिला उशीर झाला. व्यायाम न करताच तिने पिशवी खांद्याला अडकवली, तर आजी उंबऱ्यात पाय पसरून बसलेली.

“आजी, गाडी चुकेल!”

“दुसरी येल. निज चटईवर.”