शाळा कोण धुतं?

आमच्या शहापूर तालुक्यात भाताचा शेतकरी मे महिन्यात तसा मोकळा असतो. राब भाजून झालेला असतो, बांधबंदिस्ती उरकलेली असते आणि रोहिणी नक्षत्र लागायला, म्हणजे २५ मे उजाडायला, अजून अवकाश असतो. पूर्वी हे दिवस लग्नांच्या पंगतीत जायचे. आता गेली काही वर्षं मी आसनगावला लोकल पकडतो, ठाण्याला गाडी बदलतो आणि मुलुंडला पुतण्याकडे जाऊन राहतो. पुतण्या साफसफाईची कामं घेतो. सोसायट्यांच्या टाक्या, जिने, आणि मे महिन्यात शाळा. मी देखरेखीला. देखरेख म्हणजे फार काही नाही. खुर्ची टाकून बसायचं, सामानावर नजर ठेवायची आणि कामाला आलेल्या बायांना वेळेवर चहा आला का ते बघायचं. बसून बसून माणसाच्या डोक्यात नको ते विचार येतात, तसे माझ्या येतात.

शाळा धुणं म्हणजे घर धुणं नव्हे. वर्षभर हजार-दीड हजार पोरं जिथं नाचली, तिथली घाण साधी नसते. काम वरून खाली चालतं. आधी लांब बांबूला झाडू बांधून जळमटं काढायची. मग पेंटर लोकांचा असतो तसा घोडा लावून पंख्यांची पाती पुसायची. त्यांच्यावर काजळीचा इतका चिकट थर असतो की नुसत्या फडक्याला दाद देत नाही, साबणाचं पाणीच लागतं. मग खिडक्यांच्या जाळ्या. शेवटच्या मजल्यावर कबुतरांची विष्ठा. ती कोरडी खरवडली तर धूळ नाकातोंडात जाते, म्हणून आधी भिजवायची आणि तोंडाला फडकं बांधूनच हात लावायचा. मग बाकं. बाकाच्या पोटाला चिकटवलेलं च्युइंगम पुट्टीच्या पत्तीने काढावं लागतं, एकेका बाकाखाली दहा-पंधरा गोळे. वरच्या बाजूला कर्कटकाने कोरलेली नावं आणि बदाम, ते मात्र काही निघत नाहीत. पाण्याची टाकी उपसायची, आत उतरून घासायची, ब्लीचिंग पावडर लावून पुन्हा धुवायची. गच्चीवरची पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी करायची. नाहीतर जूनच्या पहिल्या सरीलाच वर्गात पाणी.

आणि मुताऱ्या, संडास. हे काम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसांवर ढकललेलं असतं. पिवळी पुटं ॲसिडशिवाय सुटत नाहीत. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकमेकांजवळ आलं तर त्यातून निघणारा वायू डोळे आणि छाती जाळतो, हे पुतण्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून दोन्ही डबे मी स्वतः दोन वेगळ्या टोकांना ठेवतो. माझ्या देखरेखीचा खरा उपयोग एवढाच.

पाण्याचंही सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला येतं आणि आमच्याकडच्या कितीतरी पाड्यांवर मे महिन्यात बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. त्यामुळे वर्गात नळी सोडून दिलेली दिसली की माझ्या पोटात कालवतं. मी बायांना म्हणतो, आधी कोरडं झाडा, मग बादलीने धुवा. त्या हसतात, पण ऐकतात.

तर जूनच्या मध्याला शाळा उघडते. पोरं नवी दप्तरं घेऊन येतात. फरशी लख्ख, बाकं स्वच्छ, फळा काळाकुळीत. कुणी केलं, हे एकही पोर विचारत नाही. पहिल्या पावसाने झाडांची पानं धुऊन निघावीत तशी शाळा आपोआप धुऊन निघाली, असंच त्यांना वाटत असणार. मला हे खटकायचं, अजूनही खटकतं. भात ताटात येतो तो कुठून येतो हे शहरातल्या पोराला माहीत नसतं, ते एक वेळ समजू शकतो. शेत लांब आहे. पण आपल्या स्वतःच्या बाकाखालचं च्युइंगम कुणी काढलं हेसुद्धा माहीत नसावं? म्हणून मला वाटायचं, सुट्टी लागायच्या आधी एक दिवस पोरांनीच आपापली बाकं घासावीत. जपानात पोरं रोज आपली शाळा आपण झाडतात, पुसतात. आमच्यानेही ते व्हायला काय हरकत आहे?

आमच्याकडे ते होत होतं. माझी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, जमीन मातीची, वर कौलं. शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटी सारवण. मुलगे शेण-पाणी आणायचे, मुली सारवायच्या. मुलग्यांनी का सारवू नये, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस तर सगळा साफसफाईतच जायचा. वटवाघळांची घाण, उंदरांची बिळं, कौलांतून पडलेला पालापाचोळा. धमाल यायची, खोटं कशाला बोलू. पण कोपऱ्यात मेलेली घूस निघाली, कुजका वास आला, की गुरुजी वर्गावरून नजर फिरवायचे आणि ती नजर दर वर्षी त्याच दोन पोरांवर येऊन थांबायची. गुरुजींनी जातीचा उच्चार कधी केला नाही. करायची गरजच नव्हती, ती पोरं आपणहून उठायची. आणि पाटलांच्या पोराला त्या दिवशी हजेरीपट सावरायचं काम असायचं. गुरुजी वाईट होते असं मी म्हणणार नाही. रात्री कंदील लावून ते आमचा अभ्यास घ्यायचे, त्या दोघांचासुद्धा.

हिंदी लेखक ओमप्रकाश वाल्मीकि यांचं ‘जूठन’ नावाचं आत्मकथन १९९७ साली आलं. उत्तर प्रदेशातल्या त्यांच्या गावच्या शाळेत हेडमास्तरने या पोराला वर्गात बसू न देता खोल्या आणि मैदान झाडायला लावलं, एक दिवस नव्हे, लागोपाठ. तिसऱ्या दिवशी बापाने रस्त्यावरून जाताना ते पाहिलं आणि त्याच्या हातातला झाडू हिसकावून फेकून दिला. ही हकीकत कळली तेव्हा मला आमची घूस आठवली. ‘सगळ्यांनी मिळून शाळा झाडावी’ असं म्हणताना आपल्याकडे आधी ‘सगळे’ हा शब्द नीट तपासून घ्यावा लागतो.

कुणी म्हणेल, मोठमोठ्या माणसांनी हातात झाडू घेतलेत की. घेतलेत. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचं काम मागितलं. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तर त्यासाठी त्यांनी उपास केला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना साथ दिली. मोठी गोष्ट आहे, मी मान लववतो. पण जो ते काम नाकारू शकतो त्याने मागून घेतलं, तर तो त्याग ठरतो. ज्याला नाकारायची सोयच नाही, त्याचं तेच काम कामसुद्धा धरलं जात नाही. गाडगेबाबांचं मला म्हणून वेगळं वाटतं. ते परीट घरातले, मामाच्या शेतात राबलेले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडसवायचे. झाडणारा माणूस बोलतही होता आणि गाव ऐकत होतं. त्यांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आमच्याही गावाने त्यात रस्ते झाडले. पाहणीला माणसं यायची त्याच्या आदल्या दिवशी जास्त झाडले.

करोनाच्या वेळी थोडे दिवस चित्र पालटलं होतं. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा मुंबईत आठवी आणि त्यावरच्या पोरांसाठी ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, आणि पहिली ते सातवीच्या १५ डिसेंबरला. दीड वर्षाची धूळ होती. तेव्हा सफाईवाल्यांना फोनवर फोन यायचे, साहेब लोक ‘तुमच्यामुळेच शाळा सुरू होतेय’ म्हणायचे. पुढच्याच मेमध्ये बिलासाठी हेलपाटे सुरू झाले.

हे सगळं मी कामावरच्या एका ताईजवळ बोललो. ती पूर्वी घरकाम करायची, आता पुतण्याकडे आहे. हात चलाख, बोलणं कमी. मी म्हणालो, “पोरांनी एक दिवस तरी तुमच्याबरोबर काम करावं, म्हणजे त्यांना कळेल शाळा कोण धुतं.”

ती बाकाखाली पत्ती चालवत होती. म्हणाली, “काका, पोरांनीच सगळं केलं तर आमचा मे महिना कसा जायचा? वह्या-पुस्तकं ह्याच पैशात येतात.”

मी म्हटलं, “सगळं नाही गं, फक्त आपापली बाकं. निदान त्यांनी तुम्हाला बघावं तरी.”

तेव्हा ती थांबली. “नको बघायला,” म्हणाली. “माझी पोरगी ह्याच शाळेत आहे, आठवीला. तिने मला सांगितलंय, आई, माझ्या शाळेचं काम घेऊ नकोस. मी म्हटलं, सुट्टी आहे, कोण बघतंय! सुट्टी आहे म्हणून तर बरं आहे, काका.”

त्यावर मला काही बोलता आलं नाही. मला जे उघड्यावर यावं असं वाटत होतं, ते झाकलेलं आहे म्हणून ती बाई श्वास घेत होती. ती लाज त्या पोरीला कुठल्या पुस्तकाने शिकवली? पुस्तकात तर श्रमप्रतिष्ठेचा धडा असतो, मीही दहावीपर्यंत तो निरनिराळ्या नावांनी वाचला. तिला ती शिकवली वर्गातल्या पोरींनी, त्यांना त्यांच्या घरांनी. सारवण शिकवावं लागतं, पण मेलेली घूस कुणी उचलायची हे शिकवावं लागत नाही, तसंच हे.

तरीही माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. ॲसिडची, टाकीची, उंचावरची कामं पोरांकडे अजिबात देऊ नयेत. ती मोठ्या माणसांची कामं, हातमोजे आणि चांगली मजुरी देऊन करून घ्यायची. पण बाक आपलं आपण घासावं, सगळ्यांनी, एकाच दिवशी, आणि त्यात मास्तरांचं टेबल मास्तरांनी. नुसतं ताईचा सत्कार करून, हातात नारळ देऊन भागणार नाही. त्या पोरीला तर त्या दिवशी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होईल. वर्गातल्या चाळीस हातांत पत्ती आली, तर कदाचित चाळिसांत तिचाही एक हात असेल आणि त्याकडे कुणी वेगळं बघणार नाही. कदाचित म्हणतो. गुरुजींची नजर कुठं थांबायची ते मी पाहिलेलं आहे.

पुतण्याने एका मुख्याध्यापकांजवळ हा विषय काढून पाहिला. ते चांगले गृहस्थ, त्यांना पटलं. पण म्हणाले, पालक तक्रार करतील, आम्ही फी भरतो ती पोरांना झाडू मारायला नाही.

यंदा त्या ताईने पुतण्याला सांगून भांडुपच्या शाळेचं काम घेतलं. घरापासून लांब आहे, रोज रिक्षाला पैसे जातात. काम तेच.