रिकामी जागा खोट्या नावाने भरू नका

पोरांनो, वह्या मिटा आणि इकडे बघा. जात पडताळणीच्या अर्जासाठी वंशावळ घरून लिहून आणायला मी सांगितलं होतं. तुमच्यातल्या एकाने पणजोबाच्या वडिलांची जागा मोकळी ठेवली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. दुसऱ्याला तीच अडचण होती. त्याने तिथे मनाला येईल ते नाव टाकलं आणि विचारल्यावर म्हणाला, "काहीतरी लिहावंच लागतं ना, सर." आज हसणाऱ्यांनाही बोलणार आहे आणि नाव रचणाऱ्यालाही. मोकळी जागा ठेवणाऱ्याला बोलायचं कारण नाही. त्याने खरं लिहिलं.

हसलात कशाला? पणजीच्या काळी गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या गोरेगावच्या या मुलखात काय दिवस होते, हे घरी कधी विचारलंत? 1899-1900चा दुष्काळ आणि 1918ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी मध्य प्रांतातली घरंच्या घरं रिकामी केली. कुणाचा नवरा साथीत गेला, कुणाचा मजुरीला म्हणून गेला तो परतलाच नाही. कुणी कडेवरचं मूल घेऊन पाट लावला आणि सावत्र बापाचं नाव त्या मुलाला लागलं. कुणावर जबरदस्ती झाली आणि करणाऱ्याचं नाव घ्यायची गावात कुणाची छाती झाली नाही. यात त्या बाईचा गुन्हा कोणता? तिने ते मूल वाढवलं म्हणून आज एक घराणं उभं आहे. हसलात ते तिला हसलात.

आता तू, नाव रचणाऱ्या. वंशावळ शपथेवर द्यायची असते. महाराष्ट्राचा 2001चा जात प्रमाणपत्राचा कायदा वाच. खोट्या माहितीवर दाखला मिळवला तर मिळालेला प्रवेश जातो, नोकरी जाते आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि हे केलंस कशासाठी? इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950च्या आधीचा, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा. तुझ्या पणजोबाची शाळेतली नोंद त्याहून जुनी आहे. त्याच्या बापापर्यंत जायची गरजच नव्हती. एका अनावश्यक नावासाठी तू सगळा अर्ज संशयात टाकलास.

त्याहून मोठं नुकसान पुढच्यांचं आहे. उद्या तुझी मुलं हेच नाव खरं मानतील, त्या नावाचा माणूस जुन्या नोंदीत शोधतील आणि परक्या घराण्याशी नातं जोडून बसतील. माहीत नसलेला बाप कधीतरी सापडू शकतो. खोटा लिहिलेला बाप आधी खोडावा लागतो, आणि तो खोटा आहे हे सांगणारं तोवर कुणी उरत नाही.

"कागदच नाहीत" हे मी ऐकून घेणार नाही. कोणता कागद कुठे जाऊन पाहिलास? गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो, आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशात. म्हणून गोंदियात सापडलं नाही तर भंडाऱ्याला जा, आणि नोंद हिंदीत निघाली तर मागे फिरू नकोस. गावातल्या जन्मांची नोंद असलेल्या कोतवाल बुकात अनेकदा मुलाचं नावच नसतं, अमक्याला मुलगा झाला एवढंच असतं. तेव्हा साल आणि गाव धरून चाल. गाव तरी कोणतं? पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. पणजीच्या माहेरचं बुक उघडलंस का? तिचं माहेर तुला ठाऊक तरी आहे का? बापाचा पत्ता नसतो तेव्हा शोध आईपासून सुरू करायचा असतो: तिचा बाप, तिचे भाऊ, तिची इतर लेकरं.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पालक म्हणून मामाचं नाव असेल तर त्याला बाप ठरवू नकोस. 1954-55चे अधिकार अभिलेख आणि त्यानंतरचे वारसाचे फेरफार काढ. जमीन कुणाकडून कुणाकडे आली यावरून नाती कळतात. प्रत्येक नावापुढे लिही, कागदावरून की ऐकून.

डीएनए तपासून नाव कळेल, या भ्रमातही राहू नका. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, पण त्यावर नाव लिहिलेलं नसतं. जुळणाऱ्या घरातल्या कुणीतरी तीच तपासणी केलेली असावी लागते, आणि आपल्याकडे ती करणारे फार थोडे.

घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचाराल ते एकांतात आणि आदराने. ती गप्प राहिली तर उठून या. तिचं दुःख उकरायचा हक्क कुणालाही वंशावळीने दिलेला नाही.

आईच्या नावाची लाज तर मुळीच नको. सातवाहन राजा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवत होता. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आजही आहे. 1956चा हिंदू वारसा कायदा लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचं नातं आईशी मानतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं, असा निर्णय याच राज्याने घेतला आहे.

सोमवारी प्रत्येकाने वंशावळ नव्याने लिहून आणायची. दर पिढीतल्या बाईचं नाव त्यात हवं. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहा. आणि जे हसले त्यांनी आधी त्या मुलाची माफी मागायची, मगच आपला कागद माझ्या टेबलावर ठेवायचा.